आप्पांचा मातीचा बॉम्ब

मंडळी, आज मीच माझ्या चुलत्यांना, आप्पांना, पोलीस चौकीत घेऊन गेले.

भीमा नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी चोरीला जातात, म्हणून आप्पांनी आमच्या मोटारीवर पाइप, लाल वायर आणि घड्याळ बांधून खोटा बॉम्ब केला होता. सकाळी तो बघून वायरमन ओरडत पळाला. धुणं टाकून बायकाही पळाल्या.

“आत नुसती माती हाय. त्यात कसला गुन्हा?” आप्पा म्हणाले.

“माणसं खरीच घाबरली ना? गुन्हा त्याचाच होतो. पोलीस यायच्या आत आपणच जाऊ.”

“बीए झालीस, वकील कवा झालीस?”

तरी आप्पा आले. साहेबांनी जबाब घेऊन, समज देऊन सोडलं.

“आता मोटार कोण राखनार?” येताना आप्पांनी विचारलं.

“सगळे शेजारी, आळीपाळीनं.”

उद्या घरोघर मीच विचारणार आहे. तुमच्या गावात अशी राखण जमली का?