मारुतीच्या देवळातलं जाजम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या डॉक्टरीणबाईंसमोर सगळी लाज खुंटीला टांगून झोपले त्यांनाही नाही. मी हळवी बाई नव्हे. घर माणसांनी भरलेलं, कराडच्या अलीकडे नदीकाठचा ऊस, नवरा लढाईवर – रडत बसायला वेळ कुणाला होता? पण एक गोष्ट आत राहून गेली आहे. ती आता बाहेर काढते.

आधी दुखण्याचं सांगते, त्याशिवाय बाकीचं समजायचं नाही. चौथ्या बाळंतपणात मी फार अडले. मूल मोठं, सुईण घाईची. पोर जगलं, मीही जगले, आणि तेव्हापासून मला लघवी आवरेना. खोकले की थेंब, शिंकले की थेंब, भरली घागर उचलली की मांडी ओली. तुमच्यातल्या किती जणींना हे ठाऊक असेल – आणि किती जणींनी तोंडातून काढलं असेल? मीही काढलं नाही. आत जुन्या लुगड्याचा धडपा घ्यायची, पाणी कमी प्यायची, चारचौघींत हसू दाबायची. महिन्यातून दोन-दोनदा 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसायची, म्हणजे धडपे धुणं-वाळवणं कुणाच्या डोळ्यांवर येत नसे. आत्याबाई – माझ्या सासूबाई – एकदा म्हणाल्याच, "थोरले, तुजा कावळा लय येडा हाय गं. वाट चुकून सारखा हितंच येतोय."

मी हसले नाही. हसणं परवडत नव्हतं.

घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. गुऱ्हाळ कधी लावायचं, हळद कधी विकायची, हे मी ठरवायची. लघवी न आवरणाऱ्या बाईच्या कमरेला किल्ल्या राहतात का? मला वाटत होतं, नाही राहत. आणि ते खरंच होतं – पुढं काय झालं त्यावरून दिसलंच.

माझी धाकटी जाऊ शेवंता, आटपाडीकडची. तिच्या माहेरी मेंढरं आणि कोरडवाहू रान; आमच्या उसाच्या घरात ती जपून वागायची, जपून बोलायची. तिचा नवराही पलटणीत. माझ्यामागून काही महिन्यांनी तिचं पहिलं बाळंतपण झालं. तेही सोपं गेलं नव्हतं, पण मी त्यात फारसं लक्ष घातलं नाही.

त्या वर्षी आमच्या नणंदेला पाहायला पाटणकडची मंडळी आली. बायकांसाठी सोप्यात मारुतीच्या देवळातलं जाजम मागून आणून अंथरलं होतं. मी आणि शेवंता शेजारी शेजारी बसलो. मुलाची चुलती मोठी गमतीची बाई. ती सांगत होती, "आमचा पोरगा रजंवर आला आन बैलास्नी इंग्रजीत हुकूम सोडाय लागला. बैल काय हलंनात. शेजारची म्हस तेवढी भिऊन उटून हुबी ऱ्हायली." सगळ्या हसल्या. मीही हसले – कितीतरी महिन्यांचं दाबलेलं हसू ते, आवरलं नाही. आणि दुसरंही आवरलं नाही.

जेवायला उठायची वेळ झाली. शेवंता माझ्याआधी उठली. तिचं लुगडं मागून कोरडं ठणठणीत होतं. हे मी पाहिलं. एवढं लक्षात ठेवा, कारण मला ते विसरायची फार इच्छा होती. मी सगळ्यांत शेवटी उठले, पदर मागून घेतला, आत जाऊन लुगडं बदललं. परत आले तर आत्याबाई जाजमापाशी उभ्या. पाहुण्या परसात हात धूत होत्या. जाजमावर ताटाएवढा ओला डाग, आमच्या दोघींच्या जागांच्या मधोमध.

"ह्ये कुनाचं?" त्यांनी हळूच विचारलं.

तान्ह्या पोराचं नाव सांगता आलं असतं. पण पोरं आत पाळण्यात होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी पकडली गेले असते. म्हणून मी म्हणाले, "धाकटीला बाळंतपणापास्नं तसं हुतंय. मी बोलले न्हवते."

म्हणजे बघा – नुसतं खोटं नव्हे, वर मोठेपणाही घेतला. मी म्हणे इतके दिवस झाकून ठेवलं होतं. मला शेवंताचं काहीएक माहीत नव्हतं. मी ते जागच्या जागी रचलं.

सोयरीक जमली. शेवंताचं मात्र चुलीपाशी येणं बंद झालं, देवापुढं येणं बंद झालं. गोठ्याशेजारच्या खोपीत तिला घोंगडं टाकून दिलं. लघवीवर औषध म्हणून गोखरूचा काढा पाजला, आणि पाहुणे आले की तिनं बाहेर दिसायचं नाही असं ठरलं. ती एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, गरीब गाय आहे, भिते. तिचं ताट मी स्वतः वाढून न्यायची, भाकरीवर लोणी जास्त घालायची. लोण्यानं काय होतं? काही दिवसांनी तिचा भाऊ आला आणि तिला लेकरासह आटपाडीला घेऊन गेला. परत बोलावणं कुणी धाडलं नाही. धाकटा रजेवर आला की त्याचं दुसरं बघू, असं आत्याबाई उघड बोलू लागल्या.

त्याच सुमारास मी हळद विकायला सांगलीला गेले आणि व्यवहार आटोपून एका दवाखान्यात शिरले. माझी हिंमत वाढली होती असं समजू नका. आता घरात दुसरा डाग पडला तर नाव घ्यायला कुणी उरलं नव्हतं, एवढंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सारखं गळतं की खोकताना, हसताना? तपासलं, आणि म्हणाल्या, "परकराची नाडी सैल झाली म्हणून परकर फेकून देता का?" बाळंतपणात खालचे स्नायू ताणून सैल पडतात, लघवी मधेच रोखताना जे आवळतो तेच आवळायचं, थोडा वेळ धरायचं, सोडायचं – रोज, कंटाळा न करता. जड उचलायचं नाही. पाणी पोटभर प्यायचं. मला वाटलं, एवढंच? इतके दिवस मी एवढ्यासाठी मेले होते?

मी आवळत राहिले. भाकरी थापताना, दळताना, कीर्तनात बसून. काही महिन्यांनी हळदीच्या रानात शिंक आली आणि काहीच झालं नाही. मी तिथंच उभी राहून मुद्दाम खोकून पाहिलं. पुन्हा खोकले. गडी म्हणाला, "आक्का, धूळ गेली काय नाकात?" म्हटलं, व्हय बाबा, गेली.

त्या आठवड्यात मी आटपाडीला गेले. शेवंता वाळली होती. तिला म्हटलं, चल, सांगलीला दाखवू. डॉक्टरीणबाईंनी हिला बरी आहे म्हटलं की घरी आणता येईल, असा माझा हिशेब होता. लढाईत पेट्रोल नव्हतं, कोळशावरची मोटार होती, चढ आला की माणसं खाली उतरायची. अशाच एका चढावर आम्ही दोघी चालत होतो, तेव्हा ती म्हणाली, "आक्का, त्या दिशी जाजम माज्यानंच भिजलं. रोजच हुतंय मला. धडपा घेतलावता, तरी झिरपलं असंल. मला वाटलं हुतं, कुनालाच ठावं न्हाई. तुमास्नी कवा कळलं?"

इथं मी सांगायला हवं होतं. बाकीची माणसं पुढं गेलेली, मागं रस्त्यावर आम्ही दोघीच, मोटार पुढं धूर सोडत उभी. तिचं कोरडं लुगडं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

मी म्हणाले, "थोरलीला सगळं कळतंय."

पहिलं खोटं भीतीनं निघालं. हे दुसरं – हे मी सावकाश, चालता चालता बोलले.

शेवंताचं अंग – गर्भाची पिशवी – खाली सरकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, मी दवाखान्याच्या आवारात चूल मांडून तिला रांधून घातलं. ती बरी होऊन घरी आली, चुलीपाशी बसली. धाकटा रजेवर आला तो तिच्याचकडे, दुसरीचा विषय निघाला नाही. आणि तेव्हापासून ती साऱ्या गावाला सांगते – कुणाला दिसलं नाही ते माझ्या आक्काला दिसलं, आक्कानं मला वाचवलं. बायका कुठून कुठून माझ्याकडे येतात, पदराआड कुजबुजतात, आणि मी त्यांना आवळायला शिकवते. त्या मला हात जोडतात.

मी जे रचलं ते योगायोगानं खरं निघालं. म्हणून ते कमी खोटं होत नाही. खोपीत ती झोपली, मी नाही.

आता मी पोटभर पाणी पिते, पोटभर हसते. हे लिहिताना डोक्यावरची घागर उतरवल्यासारखी मान मोकळी झाली.

हे छापून आलं की शेवंताला समोर बसवून मीच वाचून दाखवणार आहे. ती काय म्हणेल ते तिचं. तिला वाचता येत नाही, त्यामुळे मधलं गाळून पुढं जायची सोय मला आहे. गाळणार नाही.