मशीनपलीकडची बाराखडी

त्या शिवणकामवालीला गल्लीत सगळे 'उसवकाकू' म्हणत. एक टाका वाकडा पडला की बाई अख्खी शिवण उसवायची, मग गिऱ्हाईक दारात का ताटकळेना! अशा बाईच्या लेकीची शाळा चौदा महिने बंद. पोरगी पहिलीत जेमतेम तीन महिने गेली आणि साथीमुळे शाळेला कुलूप लागलं. आईच्या जिवाला चैन पडावं तरी कसं?

फोनवर वर्ग भरायचा म्हणे. पण घरात फोन एकच, तो नवऱ्याबरोबर कामावर जायचा. पोरगी आधी इतकी बडबडी की ऐकून कान किटायचे. आता दिवसभर खिडकीशी बसून नखं खायची. अंथरूणही पुन्हा ओलं व्हायला लागलं, तेव्हा काकूनं मनाशी ठरवलं, "ते काही नाही, मीच शिकवते!" मशीन चालवता चालवता ती मापाच्या खडूनं उरल्यासुरल्या कापडावर अक्षरं काढायची. मशीनपलीकडे स्टुलावर बसलेली लेक ती बघून त्याच कापडावर गिरवायची. पाच महिन्यांत पोरगी जोडाक्षरं वाचू लागली. काकूला आभाळ ठेंगणं झालं.

मग निरोप आला. सोमवारी शाळा उघडणार, वर्गाच्या बाई एकेकाला वाचायला लावणार, ज्याला जमणार नाही त्यानं पुन्हा पहिलीत बसायचं.

"माझी लेक पहिलीत? हॅट्!" असं म्हणाली खरी, पण दोन दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दहादा दप्तर उघडून बघितलं, दहादा बंद केलं.

सोमवारी बाईंनी पोरीसमोर पुस्तक धरलं. पोरगी गप्प. काकू दारातून डोळे वटारतेय, "अगं वाच ना, येतंय की तुला!" शेवटी पोरीनं पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, आणि घडाघडा अख्खं पान वाचून काढलं.

बाईंना हसू आवरेना. काकूला मात्र दरदरून घाम फुटला. लेक कायम समोर बसायची! आईनं काढलेलं अक्षर तिला डोक्यावर उभं दिसायचं, आणि तिनं उलटं गिरवलेलं आईला सरळ दिसायचं. वाकडा टाका लांबून हेरणाऱ्या बाईला पाच महिने पत्ता नाही.

"मेले मी! उलटंच शिकवलं हो पोरीला," काकू रडकुंडीला आली.

"अहो ताई, महिन्याभरात होईल सरळ. वाचतेय ना? बसवते दुसरीत."

काकूचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात लेकीनं तिचा हात ओढला.

"आई, मी पहिलीत बसते."

"अगं, का? सगळं येतंय तुला!"

शेजारच्या वर्गात लहान मुलं एकमेकांना ढकलत, खिदळत रांग लावत होती. पोरगी त्यांच्याकडेच बघत होती.

"पण माझी पहिली झालीच नाही ना अजून."

 काकू लेकीचं दप्तर उचलून पहिलीच्या वर्गाकडे निघाली. डोळ्यांचं पाणी काही केल्या खळत नव्हतं.