कोपऱ्यातली हरणं

दादाचं आणि माझं व्हिडिओ गेमवरून दहा वर्षं भांडण चाललं. त्याला ओपन वर्ल्ड लागायचं, म्हणजे घोडा घ्यायचा आणि वाटेल तिकडे निघायचं. मला लिनिअर. एकच ठरलेला रस्ता, गोष्ट संपली की गेम संपला. खरा वाद ग्राफिक्सचा होता. माझं म्हणणं, एवढं अवाढव्य जग करायला घेतलं की हात आखडता घ्यावाच लागतो. तेच झाड शंभरदा लावतात, लांबचा डोंगर धुक्यात झाकतात. माझ्या गेममध्ये भिंतीचा पोपडासुद्धा कुणीतरी बसून रंगवलेला असतो.

"तुझ्या गेममधी भिंतीच लई," दादा म्हणायचा. "पोपडे बघायला आपलं बाथरूम काय वाईट हाय?"

वाळूजच्या कंपनीतून संध्याकाळी घरी आला की चहा घेऊन तो गेममधल्या एका टेकडीवर चढायचा आणि कंट्रोलर खाली ठेवायचा. नुसता बघत बसायचा. खाली माळ, नदी, कोपऱ्यात चरणारी हरणं. लासूर स्टेशनकडच्या आमच्या गावाला टेकडीच नाही, म्हणून त्याला उंचीचं कौतुक असावं. खेळतोस कधी, का नुसती राखण करतोस, असं मी चिडवायचे.

गेल्या वर्षी एकदा तो म्हणाला, "हरणं कमी केलीत यांनी. अपडेटमधी."

मला आनंद झाला. आता लाज वाटते, पण झाला. म्हटलं, तुझ्या ओपन वर्ल्डचं असंच असतं, जग झेपत नाही, मग कडेकडेचं कापतात. त्याचा घोडा झाडांवर आपटायला लागला तेव्हा मी मनसोक्त हसले. मग दोघांनी मिळून सेटिंग धुंडाळली. उजेड वाढवला. ग्राफिक्स कार्ड बदललं. फील्ड ऑफ व्ह्यू नावाची एक पट्टी असते, ती सरकवली की कडेचं जास्त दिसतं. ती मी शेवटपर्यंत ओढली. मोठा स्क्रीन आणला, तर दादा खुर्ची मागे घ्यायला लागला. दर आठवड्याला थोडी मागे, पार पलंगाला टेकेपर्यंत. "लांबून सगळं मावतं," तो म्हणाला, आणि मला ते पटलंसुद्धा. दोघंही स्वतःला जाणकार समजायचो. डोळ्यांचं सुचलं ते आईला, जेवताना शेजारचा पाण्याचा तांब्या त्याच्या हातून तिसऱ्यांदा लवंडला तेव्हा.

डॉक्टरांनी त्याला एका यंत्राला डोकं टेकवून बसवलं. आत ठिपके उजळतात, दिसला की बटण दाबायचं. बाहेर येऊन म्हणाला, "सोपं होतं. ठिपके थोडेच होते." मग कागद आला. जवळजवळ सगळा काळा, मध्ये रुपयाएवढी पांढरी जागा. डोळ्यातला पडदा कडेकडेनं मरत चाललाय, डॉक्टर म्हणाले. औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. ती जागा अजून लहान होत जाणार. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. येताना रिक्षात दादानं एकदाही बाहेर बघितलं नाही आणि मी सगळा रस्ता बघत होते.

त्यानंतर त्यानं माझा गेम मागितला. अरुंद बोळ, शेवटी एक दार, दारावर दिवा. त्याच्या त्या पांढऱ्या जागेत तो बोळ बरोबर बसला. कुठंही न आपटता त्यानं तो पार केला आणि म्हणाला, "तुझ्या गेमचं ग्राफिक्सच भारी. मानलं." या एका वाक्यासाठी मी दहा वर्षं त्याचं डोकं खाल्लं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आता तो बोळही त्याला पुरा दिसत नाही. काल त्यानं जुना गेम लावायला सांगितला आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला.

"टेकडीवर जा. काय दिसायलंय सांग."

मी चढले. माळ सांगितला, नदी सांगितली. मला लांबचं बघायची सवय नाही, जमेल तसं सांगितलं.

"हरणं?"

डाव्या कोपऱ्यात पाच होती, चरत होती. मला वाटलं, नाहीतच म्हटलं की त्याचं काही हुकलं असं होणार नाही.

"नाहीत," मी म्हणाले. "काढून टाकलीत त्यांनी."

मग मान वळवून त्यानं स्पीकरकडे कान केला.

"पाय वाजायलेत त्यांचे," तो म्हणाला.