साडेआठसाठी राखलेले कान

"नामदेवभाऊ, कान घरीच राह्यले," बन्सीची बायको, आमच्या भाभी, फोनवर एवढंच बोलल्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. जालन्यातल्या मस्तगडच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी एका मोबाइलची पाठ उघडून बसलो होतो. बन्सीच्या छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते कानांचं.

बन्सी म्हणजे बन्सीलाल, माझा चौथीपासूनचा दोस्त. कापडाचा व्यापारी, आणि गेली काही वर्षं मशीनशिवाय दोन्ही कानांनी ठार बहिरा. कानाच्या मशीनला तो नुसतं 'कान' म्हणायचा. "थांब, कान घालतो," म्हणायचा, लोक चष्मा घालतात तितक्या सहज. त्याचे आजोबा राजस्थानातून जालन्यात आलेले, माझा बाप मेंढरं विकून तीर्थपुरीकडून आलेला. एका बाकावर बसलो ते बसलोच. त्याच्या डब्यात कांदा-लसूण कधी नसायचा, माझ्या डब्यात दुसरं काही नसायचं. तरी तो माझ्या डब्याकडे बघून, "वास तर झकास आला," म्हणायचा आणि स्वतःचंच खायचा. नियम म्हणजे नियम. सूर्य बुडाला की पाण्याशिवाय काही तोंडात घालायचा नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही. या माणसाला नियम सांगताना तोंड सांभाळायला पाहिजे, हे मला चौथीपासून माहीत होतं. तरी मी सांभाळलं नाही...

मशीनची पहिली जोडी त्यानं दीड वर्षात घालवली. ती एका छोट्या डबीत ठेवून चार्ज करायची असते, आणि हे महाराज ती डबी दुकानाच्या दर्शनी काचेत, जालन्याच्या उन्हात, दिवसभर चार्जिंगला लावून ठेवायचे. चार्जर बसस्टँडवरून उचललेला, हलका. त्यात आमच्याकडची लाइट, कधी जास्त तर कधी मिणमिणती. आतले सेल तापून तापून फुगले. मी दिवसभर लोकांच्या बॅटऱ्या बदलतो, पण तो सेल डाळीएवढा, आणि असा चिकटवलेला की मशीन फोडल्याशिवाय निघेना. फोडलं, आणि मशीनच गेलं.

पूजानं, म्हणजे त्याच्या लेकीनं, पुण्याहून दुसरी जोडी आणून दिली. तेव्हा मी त्याला समोर बसवून मास्तरासारखं झापलं. चांगला चार्जर दिला. भरली की काढायची, उन्हात ठेवायची नाही, पार शून्यावर जाऊ द्यायची नाही, असं सगळं बजावलं. वर एक फुकटचं शहाणपण जोडलं, "बॅटरीची उमर मोजकी असते, बन्सी. काम न्हाई तेव्हा कान डबीत बंद करून ठेवत जा."

मी विसरून गेलो. त्यानं नेम घेतला.

मधे कुठंतरी त्याला समजलं की हे मॉडेल आता निघत नाही. दुसरं एक लावून पाहिलं, तर त्यातून पूजाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. बस, तेवढ्यानं तो घाबरला. पूजाचा फोन रोज रात्री साडेआठला यायचा, आणि हे कान तिच्या आवाजासाठी जितके दिवस टिकवता येतील तितके टिकवायचे, असं त्यानं ठरवलं. सकाळी दुकानात गिऱ्हाइकासाठी दोन तास कान घालायचा. दुपारी घरी आला की काढून डबीत, ते थेट साडेआठला बाहेर. मी दुपारी गेलो तर हसून बस म्हणायचा, मी काही बोलायला लागलो की डबीकडे बोट दाखवायचा. मला गंमत वाटायची. खरं सांगतो, अभिमानही वाटायचा. दुकानात येणाऱ्या पोरांना मी त्याचं उदाहरण द्यायचो, बॅटरी वापरावी तर आमच्या बन्सीशेठनं.

भाभींनी एकदा हटकलं होतं. म्हणाल्या, तुमचा दोस्त तुमचं ऐकतो, माझं काही ऐकत न्हाई, दुपारभर या घरात मी भिंतीशी बोलून राह्यले. मी म्हणालो, भाभी, उलट बरं हाय, भांडण तरी न्हाई. त्या हसल्या नाहीत, आत निघून गेल्या. तेव्हा बन्सीच्या कानात मशीन घालून, अरे घाल दिवसभर, मी आपलं बोलून गेलो, एवढं सांगायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

भाभींचा फोन आला त्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन डबी उचलली आणि दवाखाना गाठला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. नंतर भाभींनी सांगितलं, तो बराच वेळ शुद्धीवर होता. डॉक्टर विचारत होते, कुठं दुखतंय, आधी कधी झालं होतं का, गोळी कोणती चालू आहे, आणि हा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. भाभी जमेल तशी उत्तरं देत होत्या. पूजाला फोन लावला, तो त्याच्या कानाला धरला. ती, "पप्पा, मी निघाले," म्हणत होती आणि तो भाभींना विचारत होता, "कोन हाय? पूजा हाय का? काय म्हणून राह्यली?"

मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं, डॉक्टर बाजूला झाले होते. माझ्या हातात डबी, तिच्यावरचे चारही हिरवे दिवे लागलेले. पूर्ण भरलेली... भाभींनी डबी माझ्या हातातून घेतली, दोन्ही मशीन त्याच्या कानात घातली, नीट, रोज घालत असल्यासारखी. मशीन चालू झाल्याची बारीक शिट्टी वाजली. मग त्यांनी फोन त्याच्या कानाशी धरला आणि म्हणाल्या, "पूजा, आता बोल." कुणी त्यांना अडवलं नाही.

याला आता दीड महिना झाला. गेल्या आठवड्यात भाभींनी डबी माझ्याकडे पाठवली, नुसती पडून बॅटरी खराब तर झाली न्हाई ना, बघा म्हणाल्या. मी भरली, आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मशीन चालू करून टेबलावर ठेवली. दुपार झाली, चालूच. चहाची वेळ झाली, चालूच. दिवे लागले, दुकानाचं शटर ओढायची वेळ झाली, तरी चालूच. नव्या मशीनसारखी. म्हणजे त्याला रोज दिवसभर ऐकू आलं असतं, प्रत्येक दुपारी, भाभींचं सगळं. आणि कधी गेलीच असती बॅटरी, तर गेली असती. आमच्यातलं कोण आयुष्यभर टिकणार होतं?

डबी परत द्यायला गेलो ते हेच सांगायचं ठरवून. चूक माझी होती, भाभी, असं म्हणायचं होतं. त्यांनी चहा ठेवला, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "बॅटरी कशी हाय?"

"एकदम चांगली हाय," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. "म्हणजे त्यांचा नेम बराबर होता," म्हणाल्या.

मी व्हय म्हणालो आणि चहा प्यायलो. साडेआठला पूजाचा फोन वाजला. भाभींनी आधी डबी उघडून ठेवली, मग फोन उचलला.