साथीचा हात

गिरीधर मेटल, म्हणजे तो कानठळ्या बसवणारा रॉक, वाजवतो, यावर कुणाचा विश्वास बसत नसे, आणि बसावा तरी कसा? सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात सर्किट तपासायची नोकरी. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून दहीभाताचा डबा मांडीवर सांभाळत जाणारा माणूस. अशानं फार तर एखादं भजन म्हणावं. पण हा बाबा घरी आला की काळी इलेक्ट्रिक गिटार घेई, हेडफोन चढवी आणि कढईत मोहरी तडतडावी तसे सूर काढत बसे. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना त्यातलं ऐकू काय येई, तर तारांवरची नुसती टिकटिक.

घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच. आई गेली, मागोमाग अप्पा गेले. बहीण रम्या सिंगापूरला. फोन करी, पण बोलणं सगळं जेवलास का, बीपीची गोळी घेतलीस का, एवढ्यावरच. लग्न राहून गेलं. आधी लोक त्यावरून पिच्छा पुरवत, मग तेही बंद झालं, आणि गिरीधरला गंमत अशी वाटे की ते बंद झाल्याचंच जास्त लागलं.

आता हे खूळ आलं कुठून? तर घरातूनच. तंजावरकडचं मराठी घर. अप्पा, म्हणजे व्यंकोजीराव, मद्रासच्या सभांमधून, म्हणजे गाण्याच्या मैफलींमधून, गवयांच्या साथीला व्हायोलिन वाजवत. साथीला, बरं का. मुख्य कलाकार ते कधी झाले नाहीत आणि त्याची खंतही त्यांना नव्हती. पोराला मांडी घालून बसवून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून, त्यांनी पलटे घोटून घेतले. आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. पण त्याहून जास्त घोटून घेतला तो साथीचा धर्म. गवई एक जागा घेईल, ती तू तश्शी परत दाखवायची. वर एक सूर चढवायचा नाही. आणि गवई चुकला तर? तर तीच चूक तूही वाजवायची. दोघांनी केली म्हणजे सभेला वाटतं, असंच करायचं होतं.

"माणूस पडला तर त्याच्या शेजारी जाऊन बस," अप्पा त्यांच्या त्या जुन्या मराठीत, तमिळ हेल काढून सांगत. "लोकांस वाटू दे, दोघे बसलेच होते."

गिरीधर कॉलेजात गेला आणि एका मित्राच्या घरी त्याने मेटलची कॅसेट ऐकली. बाकीच्यांना ऐकू आला दणदणाट. याने कान टवकारले. ही गिटार कुठे, हे तर व्हायोलिन! हे तर आपले चौपट लयीतले पलटे! पुढे त्याला कळलं की त्याचा कान चुकला नव्हता. त्या गिटारवाल्यांनी बाख आणि पागानिनी या जुन्या युरोपी संगीतकारांच्या व्हायोलिनच्या चिजा महिनोन् महिने बसून गिटारवर उतरवल्या होत्या, बोटं सोलून घेतली होती. म्हणजे युरोपातून निघालेलं एकच वाद्य; त्याची एक पाती जहाजातून दक्षिणेत आली आणि जमिनीवर मांडी घालून बसली, दुसरीने काळे कपडे घातले आणि विजेला जोडून घेतलं. गिरीधरला हे दोघे सख्खे चुलतभाऊ वाटले. हा शोध अप्पांना सांगायला तो धावतच घरी आला, उसन्या गिटारवर त्यांना वाजवून दाखवलं.

अप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "राग कीरवाणी आहे," म्हणाले, "पण नुसती हाडं. एक सूर हलत नाही." बस, एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी शिकवणं थांबवलं, आणि बापलेक कित्येक वर्षं एका छपराखाली राहिले, पण वाजवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अप्पा गेले तेही तसेच.

गिरीधरने मात्र त्या हाडांवर मांस चढवलं. तार बोटाने खेचून तो सूर असा हलवी की अप्पांनीही मान डोलावली असती. पण कुणासाठी? हेडफोनमध्ये आपण वाजवतो आणि आपणच ऐकतो. साथीच्या माणसाचे यात हालच होतात हो. त्याला आधी कुणीतरी काहीतरी म्हणायला लागतं.

मग अथर्व भेटला. पुण्याचा पोरगा, त्याच कारखान्यात नवा लागलेला, बसमध्ये शेजारी बसायचा. गिरीधरच्या बोटांवरचे घट्टे बघून तो म्हणाला, "काका, गिटार?" गिरीधरने होय म्हटल्यावर दोघांचं मराठीत सुरू झालं. गिरीधरची ती तंजावरी मराठी ऐकून अथर्वला हसू आवरेना. "काका, तुम्ही काय बखरीतून उठून आलात का?" पण पोरगं मनाचं चांगलं. ते ड्रम वाजवत होतं, आणि त्याचा मित्र कार्तिक, सिरुसेरीत सॉफ्टवेअरवाला, गिटार. त्यांना दुसरा गिटारवाला हवा होता. बेस गिटार वाजवणारं कुणी मिळत नव्हतं, तिचा आवाज लॅपटॉपमधून यायचा.

असा गिरीधर दर रविवारी वडपळनीच्या एका माडीवरच्या, गाद्या ठोकून आवाज कोंडलेल्या खोलीत जाऊ लागला. कार्तिक त्याला अण्णा म्हणे. कार्तिकने एक तुकडा वाजवायचा, गिरीधरने तो उचलायचा. बाकीचे सहा दिवस गिरीधर जे जगत होता त्याला जगणं म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. पण शनिवारी रात्री तो शर्टाला इस्त्री करताना गुणगुणायला लागला. रम्याने फोनवर विचारलं सुद्धा, की आवाज बदललाय तुझा, काय झालं?

त्यातच सिरुसेरीतल्या कार्तिकच्याच कंपनीच्या वार्षिक समारंभात बँडची स्पर्धा निघाली. जिंकणाऱ्याला बंगळूरच्या महोत्सवात वाजवायला मिळणार होतं. पोरांच्या अंगात वारं शिरलं. गिरीधरला बंगळूरचं काही पडलं नव्हतं. त्याला रविवार हवा होता, आणि स्पर्धा आहे तोवर रविवार आहे, एवढा त्याचा हिशेब.

कार्तिकच्या रचनेत मधोमध दोन गिटारींची झुंज होती. आपल्याकडे जुगलबंदी म्हणतात, पण ही भांडणाची. एकाने चार आवर्तनं फेकायची, दुसऱ्याने त्याच्यावर कडी करायची, लोकांनी आरोळ्या ठोकायच्या. सरावात हे झकास जमलं होतं.

समारंभाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत कार्तिकच्या ऑफिसची पोरं, हातात मोबाइल. झुंज सुरू झाली. कार्तिकने तुफान वेगात कीरवाणीची चढण घेतली आणि शेवटच्या पायरीवर त्याचं बोट घसरलं. शुद्ध निषादाच्या जागी कोमल लागला, आणि तोही चांगला खणखणीत. कार्तिकचा चेहरा उतरला. गिरीधरला ते दिसलं, आणि क्षणाचाही विचार न करता त्याने तीच चढण घेतली, त्याच वेगात, आणि शेवटी तोच कोमल निषाद तस्साच ठणकावला.

त्याला वाटलं, झालं, सावरलं पोराला.

पहिली रांग खो खो हसली. कुणीतरी शिट्टी मारली. "अंकलने खेचली कार्तिकची!" अशी आरोळी उठली. झुंजीत समोरच्याची चूक तशीच वाजवून दाखवायची म्हणजे त्याला वेडावणं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या गिरीधरला. पुढचं सगळं कार्तिकने मान खाली घालून वाजवलं. बक्षीस गेलं ते गेलंच.

मंचामागे केबल गुंडाळता गुंडाळता कार्तिक म्हणाला, "अण्णा, सगळ्या ऑफिससमोर चिडवलंत मला."

"चिडवलं? अरे, सांभाळून घेतलं तुला!"

"हसले ना लोक?" एवढं बोलून तो निघून गेला.

पुढचा रविवार आला आणि गेला. फोन वाजला नाही. गिरीधरने दोनदा इस्त्री केलेला शर्ट पुन्हा खुंटीला टांगला आणि दहीभात कालवून घेतला. हे बोलायचं कुणाजवळ? ज्या एका माणसाला ही गोष्ट सांगावीही लागली नसती, तो भिंतीवरच्या फोटोत होता.

अथर्वला वाईट वाटत होतं. बसमध्ये तो म्हणाला, "काका, या रविवारी या. मी त्याला बोलावतो. तुम्ही नीट सांगा."

गिरीधर गेला आणि त्याने सांगितलं. अप्पा, सभा, गवई, साथीचा धर्म, सगळं. इतकं सलग तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. कार्तिकने ऐकून घेतलं. पोरगा आडमुठा नव्हता. त्याचे डोळे थोडे निवळले.

"पटलं, अण्णा," तो म्हणाला. "पण इथे मला शेजारी येऊन बसणारा नकोय. मी पडलो तर माझ्या डोक्यावरून उडी मारणारा हवाय. माराल?"

"मारीन की."

"मग असं करू. मी मुद्दाम चुकतो. तुम्ही बरोबर वाजवा. हरवा मला."

अथर्वने काठ्या उचलल्या, ताल धरला. कार्तिकने चढण घेतली आणि वर कोमल निषाद लावला. शुद्ध कुठे आहे हे गिरीधरला झोपेतही सांगता आलं असतं. गिटारच्या दांडीवर एक पट्टी पुढे, बोटभर अंतर. त्याने चढण घेतली. बोट कोमलावर पडलं.

"पुन्हा," कार्तिक म्हणाला.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी गिरीधर आपल्या बोटाकडे टक लावून बघत होता. अरे मेल्या, पुढे सरक, असं त्याने त्याला मनातल्या मनात विनवलं, शिव्या घातल्या. बोटाने कार्तिकचं ऐकलं, गिरीधरचं नाही.

अथर्वने काठ्या खाली ठेवल्या. कार्तिक रागावला असता तर काहीतरी बोलता आलं असतं. तो रागावला नाही. पुढे येऊन त्याने गिरीधरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू द्या, अण्णा." इतक्या मायेने म्हणाला, की पुढच्या रविवारी बोलावणं येणार नाही हे गिरीधरला तिथेच कळलं.

त्याने गिटार पिशवीत घातली, चेन लावली, दोघांचा निरोप घेतला. तो जिन्यापाशी पोहोचला तेव्हा आत त्यांनी तीच झुंज पुन्हा धरली होती. कार्तिक आता बरोबर वाजवत होता, आणि त्याच्या चार आवर्तनांनंतर गिरीधरची जी चार आवर्तनं रिकामी राहत, त्यात अथर्व नुसता ताल देत होता. गिरीधर ती रिकामी आवर्तनं ऐकत जिन्यात उभा राहिला. ते थांबल्यावर मग खाली उतरला.