जंक्शनचं जू

जंक्शन हा शब्द आमच्या गोंदियात हमालापासून बिड्या वळणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. त्याचं मूळ मात्र मला सापडलं, आणि तेही नेमकं माझं लग्न ठरायच्या आदल्या दिवशी! आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या जाडजूड कोशात वाचलं: जंक्शन म्हणजे सांधा, दोन वाटा जुळतात ती जागा. शब्द लॅटिनमधल्या जोडण्याच्या धातूवरून आलेला, आणि तो धातू आपल्या संस्कृत ‘युज्’चा सख्खा भाऊ. म्हणजे योग त्यातलाच, जुंपणं त्यातलंच, बैलांच्या मानेवरचं जूसुद्धा त्यातलंच! अहो, विलायतेचं जंक्शन आमच्या गोठ्यात पडलेलं होतं की!

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील बालाघाटकडून छोट्या लाइनीच्या गाडीनं मला बघायला येणार होते. धानाची शेती, एकुलती लेक. पोराला शेतीतलं कळतं का, तेवढंच बघणार, असा त्यांचा निरोप होता. बाबांनी मलाच बैलबंडी घेऊन धाडलं. स्टेशनावर मी बैल सोडले. पाव्हणे उतरले तसे घाईघाईनं पुन्हा जुंपले. पण डोळे जंक्शनच्या पाटीवर. डावीचा बैल उजवीला गेला, उजवीचा डावीला. जन्मभर आपापल्या बाजूनं चाललेली जोडी ती! एक इकडे ओढी, दुसरा तिकडे. बंडी गरकन फिरून पुन्हा स्टेशनासमोर हजर.

“काऊन गा, कोठं नेऊन राहिला मले?”

“मामाजी, जंक्शन अन् जू एकच आहे!” मी आनंदानं ओरडलो.

“एकच आहे? मंग बैलायले सांग न!”

खाली उतरून त्यांनी माझ्याकडून बैलांच्या बाजू बदलून घेतल्या, मग ऐटीत बसून म्हणाले, “हं, आता सांग. पयल्यापासून.”

घर येईपर्यंत मी सांगत होतो. मधेच ते विचारत, “अन् नांगर? अन् बंडी?” मला कुठलं ठाऊक!

ओसरीवर बाबांनी भीतभीतच विचारलं, “कसा वाटला पोरगा?”

“जुंपता येत नाही त्याले.”

मी बैलांकडे वळलो, तोच ते पुढे म्हणाले,

“पन जुंपाले माझ्या घरी गडी आहेत. असा गोष्टी सांगनारा एकही नाही. पोरीले मोठी हौस आयकाची.”

बाबांच्या आधी मीच “हो” म्हणून मोकळा झालो!

लग्नानंतर पहिल्याच निवांत दुपारी मी बायकोपुढे जंक्शन काढलं. तिनं तोंडाला पदर लावला.

“हे बाबानं केव्हाच सांगतलं. दुसरा शब्द सांगा.”