नागपूरच्या आजीपेक्षा एक फोटो जास्त

आधीच सांगून टाकते, नातीचे फोटो नेटवर साऱ्या जगासाठी मीच उघडे ठेवले होते. तेव्हा मी सत्तरीच्या आतली, कोवळी आणि बिनअकलेची मुलगी होते असं समजा.

कारण माझ्या विहीणबाई, म्हणजे सुनेची नागपूरची आई. महालक्ष्म्यांना नात त्यांच्याकडे गेली की सोळा भाज्यांच्या ताटामागे नऊवारीत उभी असलेली ती, असा एकच फोटो त्या टाकत, आणि आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळातल्या बायकासुद्धा त्यांचंच कौतुक करत. माझ्या पोटात दुखायचं. म्हणून एका वर्षी मी तिला इथंच ठेवून घेतलं, माझी नथ तिच्या नाकात घातली आणि फोटोंचा सडा घातला. समोरून, बाजूनं, हसताना, डोळे मिटलेले. गणवेशातलाही एक, खाली शाळेचं नाव आणि 'नववी अ'.

थंडीत एक दिवस नात शाळेतून आली ती थेट खोलीत. दार लावलं. मी झाडू घेऊन दाराशी उभी राहिले. झाडायचं काहीच नव्हतं.

ती फोनवर रडत होती. "आजी, किसीने मेरे चेहरे से गंदा फोटो बना दिया है. पूरी क्लास में घूम रहा है. मला शाळेतच जायचं नाही आता."

आजी म्हणजे नागपूरची.

खरं सांगते, भीती मागून आली. आधी जळफळाट झाला, की मी भिंतीपलीकडे असताना ही तिकडं काहून सांगून राहिली? स्पीकरवर विहीणबाई शांतपणे म्हणत होत्या, "तू काहीच चुकीचं केलं नाहीस, बेटा. तो मेसेज पुसू नको, पुढंही पाठवू नको. आईला घे लाइनवर, मी आहे." माझ्या तोंडून पहिलं निघालं असतं, "केस मोकळे सोडून काहून फिरतेस?" हे मला तिथंच कळलं, आणि विहीणबाईंचा आणखीच राग आला.

सून गावाबाहेरच्या खमरियाहून, ऑफिस सोडून आली. आधी शाळेत गेली, मग पोलिसांच्या सायबर शाखेत. वर्गातल्याच दोघांनी ते चित्र मोबाईलवर बनवलं होतं. त्या खोट्या चित्रात नातीच्या नाकात माझी नथ होती.

त्या दुपारी मी सगळे फोटो काढून टाकले. विहीणबाई रात्रीच्या गाडीत बसून नागपूरहून आल्या आणि सकाळी नातीचा हात धरून शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या. डबा घेऊन मागून मी. नात आत गेली, एवढंच पाहिजे होतं, तरी तो हात माझा नव्हता हे डोळ्यांत खुपलंच.

संध्याकाळी तिला एकटीला गाठून विचारलं, "मला काहून नाही सांगितलं गं?"

ती म्हणाली, "आजी, मैं गुस्सा नहीं हूँ. पण नागपूरची आजी फोटो टाकायच्या आधी मला विचारते, आणि मी नाही म्हटलं तर रुसत नाही."